जास्तीची पावडर

कोकिळाबाईंना गाता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाव ऐकून लोकांचा गैरसमज व्हायचा. मोठी आंजी या गावी त्यांचा जन्म झाला तेव्हा पोर काळी निघाली म्हणून आत्यानं बारशाला हे नाव ठेवलं. काळी तर काळी, निदान गळा तरी गोड निघेल अशी आत्याची आशा. गळा असा निघाला की बाई अंगणवाडीत बडबडगीत सुरू करायच्या आणि समोर आमच्या दुकानात बाबूजी रेडिओचा आवाज वाढवायचे.

मी सपना, मोतीलाल किराणावाल्यांची मुलगी. आमचं दुकान तळेगावला, म्हणजे श्यामजी पंतांच्या तळेगावला. घराणं व्यापाऱ्याचं, घरात अर्धी हिंदी आणि अर्धी वऱ्हाडी चालायची. बारावी झाल्यावर लग्न जमेपर्यंत मुलीनं काय करायचं, तर गल्ल्यावर बसायचं. ते काम मी मन लावून केलं. गल्ल्यावरून मारुतीच्या देवळाशेजारची खोली सरळ दिसायची, त्या खोलीत अंगणवाडी भरायची, आणि गिऱ्हाईक नसलं की मी तिकडेच बघत असायचे. त्यामुळे ही गोष्ट मला जितकी माहीत आहे तितकी खुद्द कोकिळाबाईंनाही माहीत नव्हती, निदान सुरुवातीला तरी.

त्या गावात आल्या त्या किसनराव ढोल्यांची बायको म्हणून. लग्न जमायला वेळ लागला. पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि म्हणायचे, मुलीला जरा अंगणात उजेडात आणा. उजेडात आणली की निरोप पाठवतो म्हणून निघून जायचे. मग त्यांच्या आईनं एक युक्ती काढली. पाहुणे आले की मुलीच्या तोंडावर पावडरचा थर द्यायचा. किसनराव पाहायला आले तेव्हाही असा थर दिलेला होता. कोकिळाबाईंनी पोह्याची बशी पुढे केली. किसनरावांनी एकदा चेहरा बघितला, एकदा बशीखालचा हात बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तोंडाले लावली, हाताले लावाची राह्यली वाटते."

बैठकीतली म्हातारी माणसं अवघडून गेली. कोकिळाबाईंना मात्र हसू आवरेना. त्या अशा खदखदून हसल्या की बशीतले पोहे सतरंजीवर सांडले. किसनरावांनी तिथल्या तिथे होकार दिला. हा किस्सा बाई स्वतःच रंगवून सांगायच्या, आणि सांगून झाला की म्हणायच्या, "माहा माणूस देवमाणूस हाय, पण त्याच्या आधीचे सारे पाहुणे मले तोंडपाठ हायेत."

अंगणवाडी त्यांनी अगदी जीव ओतून चालवली. आधीच्या बाई असताना पोरं शेंबडी, केस पिंजारलेले आणि अर्धी तर खिचडीपुरती यायची. कोकिळाबाईंनी शिस्त लावली. सकाळी पोट्टे आले की दारातच हातपाय धुवायचे, नाक पुसायचं, केस विंचरायचे, डोळ्यांत काजळ आणि शेवटी तोंडावर पावडर. पावडरचा डबा त्या आमच्याच दुकानातून न्यायच्या, स्वतःच्या पदरचा. सरकार खिचडीला देत होतं, पावडरला थोडीच देणार? तपासणीला आलेल्या मॅडम एकदा म्हणाल्या की अशी स्वच्छ पोरं तालुक्यात कुठे पाहिली नाहीत. बाईंनी ते वाक्य पुढे वर्षभर वापरलं. गावातल्या बायकाही खूश होत्या. एरवी कुणाचं नाव चांगलं न घेणारी माझी अम्मा, सुमित्राबाई, तीही म्हणायची, "पोट्टे कसे फुलावानी दिसतात."

अंकिता ही कोकिळाबाईंची एकुलती एक मुलगी, फार वाट पाहून झालेली. रंगानं थेट आईवर गेलेली. अंगणवाडीत आईच बाई असल्यामुळे तिचा रुबाब मोठा होता. चार वर्षांची होती, पण चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायची. बाईंचा तिच्यावर भारी जीव. "माह्यावर जे गेलं ते हिच्यावर जाऊ देणार नाई," असं त्या म्हणायच्या आणि तसं वागायच्याही. घरात 'काळी' हा शब्द काढायला बंदी होती. किसनरावांच्या बहिणीनं एकदा पोरीला लाडानं 'काळुबाई' म्हटलं, तर बाईंनी नणंदेला असं काही सुनावलं की ती पोळ्यापर्यंत माहेरी फिरकली नाही.

शहाण्णव सालची, तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, थोडी आधीची गोष्ट. अंगणवाडी सुटल्यावर काही पोट्टे देवळाच्या ओट्यावर खेळत बसायचे. त्या दिवशी अंकिता दुकानात आली आणि म्हणाली, "सपनाताई, जराक मैदा दे. पोट्ट्यायले तयार कराचं हाय." मी पुडीत मूठभर मैदा दिला. ओट्यावर अंगणवाडीचा खेळ सुरू झाला. अंकिता बाई झाली आणि तिनं पोट्ट्यांची रांग लावली. तेवढ्यात खुद्द कोकिळाबाई दुकानात तेल घ्यायला आल्या. आम्ही दोघी उभ्या राहून बघू लागलो.

रांगेत पहिला निकेश, माझ्या थोरल्या भावाचा, हेमराजचा मुलगा. आमच्या घरातलं सगळ्यात गोरं पोर, आणि घरानं त्याला ते दिवसातून दहादा सांगून ठेवलेलं. अंकितानं त्याच्या नाकाला मैद्याचं एक बोट लावलं. "तू झाला. पुढे बस." मागून सचिन आला, गव्हाळाच्या जरा पुढचा. त्याला दोन्ही गालांवर. "तू मधात बस." मग अन्नपूर्णा, म्हणजे अन्नी, गावाबाहेरच्या वस्तीतली, अंकितापेक्षाही सावळी. तिला कपाळापासून हनुवटीपर्यंत. "तुले लय लागते व. तू मांगं जाय."

"पाहा माही पोट्टी," कोकिळाबाई कौतुकानं म्हणाल्या, "अशीच्या अशी माह्यावानी करते."

अंकितानं उरलेला सगळा मैदा तळहातावर घेतला आणि स्वतःच्या तोंडाला चोळला. पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या. मग ती चालत गेली आणि अन्नपूर्णाच्याही मागे जाऊन बसली.

निकेश म्हणाला, "तू तं बाई हायेस ना. बाई पुढे बसते."

"नाई," अंकिता म्हणाली. "मी काळी हावो ना. मी मांगंच."

आज सोमवार आहे असं सांगावं तितक्या सहज ती हे बोलली. कोकिळाबाईंच्या हातातली तेलाची बरणी तशीच राहिली.

"मी तं हिले कधी काळी म्हटलं नाई व," त्या म्हणाल्या. "कोणाले म्हणू देल्लं नाई. कोणं शिकवलं हिले?"

मला गप्प बसता येत नाही. ही माझी जुनी खोड आहे आणि सासरी तिच्यापायी पुष्कळ ऐकून घेतलं आहे. मी म्हणाले, "काकू, तुम्ही म्हटलं नाई. पण पावडर तुम्हीच लावता ना. गोऱ्याले एकदा, सावळ्याले दोनदा, अन् अंकिताले तं पफ बुडवून बुडवून. मी रोज पाहतो इथून."

"मी?"

"हाव. तुम्हीच."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. कुणाला किती लावायची हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, हात आपोआप चालत होता. त्यांच्या आईनं त्यांच्या तोंडावर ज्या मायेनं थर दिला त्याच मायेनं त्या लेकीच्या तोंडावर देत होत्या. आणि पोरं बाई काय बोलते ते ऐकत बसतात थोडीच? त्यांचं सगळं लक्ष बाईच्या हाताकडे. कोणाला किती लागतं, हे रांगेतल्या प्रत्येक पोराला कळलं होतं. फक्त रांग लावणारीला कळलं नव्हतं. बाईंनी आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला आणि तेल न घेताच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपाय सुरू केला, आणि तो साफ फसला. पोरांना उभं करून त्यांनी म्हणायला लावलं, "आपण सगळे सारखे!" पोट्टे घसा ताणून ओरडले. बाबूजींनी रेडिओ वाढवला. दोन-तीन दिवसांत पोरांना ते पाढ्यासारखं पाठ झालं. आणि 'सगळे सारखे' म्हणून झालं की गोल करायला हात धरायची वेळ यायची, तेव्हा अन्नपूर्णाचा हात कुणी धरायचं नाही. एकदा बाईंनी अंकितालाच तिच्या शेजारी उभं केलं. अंकितानं हात धरला, पण गोल सुटल्याबरोबर तो हात फ्रॉकला पुसला. काळ्या आईच्या काळ्या मुलीनं तिच्याहून काळ्या मुलीचा हात पुसला. मला त्या चिमुरडीचा संतापच आला होता. मग आठवलं की ती चार वर्षांची आहे, आणि संताप कुणावर काढावा ते कळेना.

मग बाईंनी पावडर बंद केली. त्यानं तर गावच उठलं. आया विचारायला लागल्या, बाई, डबा संपला काय? अम्मा म्हणाली, कोकिळेचं आताशा कामात लक्ष नाही. सगळ्यात जास्त बिघडली ती अंकिता. पावडर नाही तर अंगणवाडीत यायची नाही, म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. बाई तिला तशीच काखोटीला मारून घेऊन यायच्या आणि ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची.

एका दुपारी बाई तिला कडेवर घेऊन धावतच दुकानात आल्या आणि मलम मागितलं. पोरीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोललेला होता. न्हाणीच्या मागे विटेचा तुकडा घेऊन ती हात घासत बसली होती. किसनरावांनी पाहिलं तेव्हा रक्त यायला लागलं होतं, तरी घासणं चालूच. काय करते म्हणून विचारलं तर म्हणाली, "काढून राह्यलो."

मी मलम लावलं. अंकिता रडली नाही. रडल्या त्या कोकिळाबाई. ज्वारीच्या पोत्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, पदरसुद्धा तोंडाला न लावता. "मले वाटलं होतं माह्यावरच संपलं हे," त्या म्हणाल्या. "पोट्टीले मीच देल्लं व, सपना. माह्याच हातानं देल्लं." मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. नाही नाही काकू, तसं काही नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पण ते खोटं झालं असतं, म्हणून म्हटलं नाही.

आम्ही दोघी अशा बसलेल्या असताना अंकितानं पोरांचा नेहमीचा उद्योग सुरू केला. बाबूजी किराण्याबरोबर शेतकऱ्यांचा मालही घ्यायचे, त्यामुळे दुकानात उघड्या तोंडाची पोती रांगेनं असायची. गहू, तांदूळ, तूर, हरभरा, जवस. धान्यात कोपरापर्यंत हात खुपसला की आतून गार लागतं. तळेगावातल्या प्रत्येक पोरानं आमच्या पोत्यांत हात खुपसला आहे आणि बाबूजींची शिवी खाल्ली आहे. अंकिता चांगला हात या पोत्यातून त्या पोत्यात घालत होती. कोकिळाबाईंचं रडणं थांबलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या बाबूजी वर्ध्याले जाणार हायेत ना? दुकानावर तूच राहशील ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी अंगणवाडी रस्ता ओलांडून दुकानात आली. बाईंनी पोरांना सांगितलं, "आपल्या हाताचा रंग कोणत्या पोत्यात हाय, थे हुडका. ज्याले सापडंन त्यानं मूठभर घ्याचं."

पुढचा अर्धा तास दुकानाची जी दशा झाली ती बाबूजींना मी आजतागायत सांगितलेली नाही. निकेश तडक तांदळाकडे गेला. गोरा म्हणजे पांढरा, असं त्याला पाळण्यापासून माहीत होतं. त्यानं तांदळात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. तांदूळ पांढरा आणि हात भलताच. साबुदाण्यात घातला. मैद्यात घातला. शेवटी गव्हात त्याचा हात दिसेनासा झाला आणि पोरानं भोकाडच पसरलं. "मी पांढरा नाई!" मला हसू फुटलं. इतकं हसू त्या महिन्यात मला आलं नव्हतं. सचिनला आपला रंग अख्ख्या तुरीत सापडला आणि त्यानं ताबडतोब दोन्ही खिसे भरले. अन्नपूर्णा मात्र फार शोधत बसली नाही. ती जवसाच्या पोत्याशी गेली, हात ठेवला, आणि वळून म्हणाली, "बाई, हे चमकते!"

जवस चमकतंच. ओंजळीत घ्या, उन्हात धरा, पाण्यासारखं सरकतं.

कोकिळाबाई तिच्याजवळ गेल्या. बांगड्या मागे सारून त्यांनी आपला हात जवसात घातला. "मीही इथचीच व," त्या म्हणाल्या. "आपून दोघी जवस."

अंकिता बघत होती. बाईंनी तिला हाक मारली नाही. मला वाटत होतं, आता ओढावं तिला, हात धरून घालावा जवसात. पण बाईंनी मला नजरेनं थांबवलं. अंकिता गेली ती तांदळाकडे, आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. "हा माहा," ती म्हणाली. निकेशनंच डोळे पुसत जवळ जाऊन बारकाईनं पाहिलं. "हा तं तुह्या दाताचा रंग हाय," तो म्हणाला.

सगळ्या पोट्ट्यांनी तोंडं उघडून एकमेकांचे दात बघितले. सगळ्यांचे तांदूळ. अंकितालाही हसू आलं. पण मूठ तिनं सोडली नाही.

ज्याच्या त्याच्या नावाची एकेक बाटली अंगणवाडीच्या खिडकीत लागली. अंकिताच्या बाटलीत तांदूळ. पावडरच्या जागी आता तेल आलं. पोरं हात धुवून यायची, बाई तेलाचं बोट चोळायच्या, आणि मुद्दाम सगळ्यांना सारखंच. हात चुकून कुठे रेंगाळला तर स्वतःच म्हणायच्या, "थांब वं कोकिळे!" आणि रंगाचं नाव आता मोठ्यानं घेतलं जायचं. "ये माह्या गव्हा, ये माह्या तुरी, ये माह्या जवसा." घरात ज्या शब्दाला बंदी होती तोही त्यांनी मोकळा केला. काळा घोडा, काळी माती, काळी मी, काळे केस, असं काहीबाही बेसूर आवाजात गायच्या. बाबूजींचा रेडिओ तेव्हा कायम मोठाच असायचा. गावाला हा चक्रमपणा वाटला. तेल चोळून घेऊन पोरं चकचकीत दिसू लागल्यावर आयांची तक्रार मात्र थांबली.

अंकिताला तेल लागायचं, पण बाई तिला नुसतं "ये अंकिता" म्हणायच्या. तांदूळ म्हणायच्या नाहीत आणि जवसही म्हणायच्या नाहीत. "मनात लय येते," त्या मला म्हणायच्या. "पण लोटून नेली तं पोट्टी पुन्हा वीट घेईन." हे सांगताना त्यांचा जीव कसा टांगणीला लागलेला असायचा ते मी पाहिलं आहे. रोज संध्याकाळी पोरीचा हात तपासायच्या. खपली धरत होती, नवीन काही नव्हतं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. एका सकाळी अंकिता एकटीच दुकानात आली. हातात तिची बाटली होती, रिकामी.

"तांदूळ काय केले व?" मी विचारलं.

"चिमण्यायले टाकले. मले जवस दे."

"काऊन?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच चार वर्षांची आहे. "तांदळात कोणीच नाई," ती म्हणाली. "मी एकटीच. जवसात आई हाय, अन्नी हाय. थ्या दोघी रोज हासतात अन् मले कळत नाई काऊन हासतात."

एवढंच. कोणताही उपदेश तिच्या डोक्यात शिरला नव्हता. तिला तिकडे करमत नव्हतं, म्हणून ती इकडे आली. मी बाटली काठोकाठ भरून दिली. ती रस्ता ओलांडून गेली, आणि खिडकीतून मला दिसलं की कोकिळाबाईंनी बाटली हातात घेतली, खिडकीत अन्नपूर्णाच्या बाटलीशेजारी ठेवली आणि पुष्कळ वेळ पोरांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

त्याच नवरात्रात आमच्या घरी कन्याभोजन होतं. अम्मा दरवर्षी नऊ मुली बोलवायची, त्यांचे पाय धुवायची, आलता लावायची, हलवा-पुरी वाढायची. त्यांच्याबरोबर एक मुलगा बटुक म्हणून बसवतात, तो निकेश. नऊजणी कशा निवडायच्या याचं अम्माचं शास्त्र होतं. देवीचं रूप म्हणजे मुलगी गोरीगोमटी हवी. रंगाबरोबर घर कोणतं आणि वस्ती कोणती हेही बघितलं जायचं, ते काही वेगळं सांगायला नको. त्या वर्षीही नऊजणी पाटांवर बसल्या. निकेश आला, त्यानं ओळ पाहिली आणि उभाच राहिला.

"दादी, तू सारे गहूच बलावले," तो म्हणाला.

"क्या?" अम्माला काही कळेना.

"जवस काऊन नाई बलावले? अंकिता नाई, अन्नी नाई. जवस नाई तं मी बसत नाई."

बटुक बसल्याशिवाय पूजा पुढे जात नाही, आणि बटुक दाराच्या चौकटीला मिठी मारून उभा. वहिनीनं समजावलं, बाबूजींनी दटावलं. शेवटी अम्मा माझ्यावर डाफरली, "देखती क्या है, बुला ला दोनों को!" मी अनवाणी पळत गेले. दोघींना आणलं, दोन पाट वाढवले. अम्मानं तोंड आंबट करून पण नेमानं दोघींचे पाय धुतले. ती देवीचे पाय मात्र कुणाचेही असोत नीट धुवायची, हे मला कबूल केलं पाहिजे. अंकितानं आलता लावलेला पाय उचलून अन्नपूर्णाच्या पायाशेजारी ठेवला आणि दोघी कशाला तरी हसल्या. मला कळलं नाही कशाला.

अम्मा बदलली, असं मी म्हणणार नाही. धाकट्या भावाला मुलगी बघताना तिनं पुन्हा गोरीच मागितली. पण पुढच्या वर्षापासून कन्याभोजनाला अंकिता आणि अन्नपूर्णाचं बोलावणं न सांगता जाऊ लागलं. मुलींचे अकरा पाट मांडायची आमच्याकडे रीतच पडली. ती कशी पडली हे आता घरात कुणाला ठाऊक नाही.

माझं लग्न होऊन मी वडनेरला गेले. तिथे मला दोन मुलं झाली, एक गहू आणि एक तूर. माहेरी आले की कोकिळाबाईंकडे चक्कर व्हायचीच. अंगणवाडीला नवी इमारत झाली, पण तेलाची वाटी आणि खिडकीतल्या बाटल्या तशाच राहिल्या. पोरं नवी यायची आणि नवीन आया तोच प्रश्न विचारायच्या, बाई, रंग उजळायला काय लावू? बाई आधी त्यांना खाऊ घालायच्या आणि मग फैलावर घ्यायच्या.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा अंकिता बारावीची परीक्षा देऊन घरी होती. उंच झाली होती, बोलायला फटकळ, आणि पाठीमागे हात बांधून चालायची ती खोड गेलेली. पुढे वर्ध्याला नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं. बाई आणि मी ओसरीवर टेबलाशी चहा घेत असताना ती सायकल काढून वर्ध्याच्या बसची चौकशी करायला स्टँडवर निघाली. रस्त्यावरच्या सगळ्या पोरी उन्हानं काळ्या पडू म्हणून डोळे तेवढे उघडे ठेवून ओढण्या गुंडाळून जात होत्या. ही डोक्यावर बापाचा दुपट्टा टाकून तोंड उघडं ठेवून निघालेली. मला राहवलं नाही.

"अंकिता," मी म्हणाले, "लहानपणी विटेनं हात घासत होतीस, आठवते का तुले?"

टेबलाखाली कोकिळाबाईंनी माझा पाय इतक्या जोरानं दाबला की मी ओरडायची राहिले.

अंकितानं सायकल थांबवली. "कायची वीट?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मी म्हणाले, "काही नाई. पडली होतीस एकदा विटेवर."

"मले नाई आठवत," ती म्हणाली. "मले तं फक्त तुमच्या दुकानातल्या पोत्यायची मजा आठवते." आणि घंटी वाजवत फाटकातून निघून गेली.

सायकलचा आवाज जाईपर्यंत बाई फाटकाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "खरंच नाई आठवत, का मले दुखू नये म्हून म्हणते?"

"खरंच नाई काकू. तिच्या तोंडावर दिसत होतं."

"मी तेरा वर्षं तिले इचारलं नाई," त्या म्हणाल्या. "भेवानं. मले वाटे, कुठीतरी आत बसून राह्यलं असंन, मी इचारलं तं थे वर येईन. तिच्या हाताकडे पाह्यलं का तसंच वाटे." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या पदराआड हसत होत्या. "विसरली व, सपना. माही पोट्टी विसरली."